ओळख न ठेवणारं कुलूप

विसरण्याला हल्ली फार चांगले दिवस आले आहेत. बँकेचा पासवर्ड विसरा, वीजबिलाचा विसरा, रेल्वे तिकिटांचा विसरा. खाली निळ्या अक्षरांत ‘पासवर्ड विसरलात का?’ अशी आपुलकीची चौकशी हजर असते. तिच्यावर बोट टेकवलं की मोबाइलवर सहा आकडे येतात आणि मागचं सगळं माफ. इतकी क्षमाशील वृत्ती घरातल्या माणसांतही आढळत नाही. या लाडावलेल्या स्मरणशक्तीला वठणीवर आणणारा एकच पासवर्ड आता उरला आहे. तो म्हणजे लॅपटॉपच्या फर्मवेअरचा.

विंडोज किंवा लिनक्स जागं होण्याआधी मदरबोर्डवरच्या चिपमधून जो प्रोग्राम चालतो, तो फर्मवेअर. जुनी मंडळी त्याला बायॉस म्हणतात, नवी यूईएफआय. बटण दाबल्यावर कंपनीचं चिन्ह झळकतं, तेवढ्या दोन-चार क्षणांचंच त्याचं राज्य. पण त्या क्षणांत एफ-टू किंवा डिलीट दाबलं तर आत शिरता येतं आणि तिथे पासवर्डही ठेवता येतो. एक पासवर्ड यंत्र सुरू होण्याआधी विचारला जातो. दुसरा, सुपरवायझरचा, सेटिंग्ज बदलू पाहणाऱ्याला अडवतो. तिसरा खुद्द डिस्कचा. डिस्क दुसऱ्या यंत्रात नेली तरी तिच्याबरोबर जाणारा.

पासवर्ड विचारण्याची पद्धत अगदी कोरडी. काळा पडदा, त्यावर कुलपाचं इवलं चित्र आणि एक रिकामी चौकट. नाव विचारणं नाही, स्वागत नाही, ‘विसरलात का’ तर नाहीच. इंटरनेट अजून सुरू झालेलं नसतं, आपला मोबाइल नंबर त्याला ठाऊक नसतो, ओटीपी पाठवायचा तरी कुठे? तीनदा चुकलात की बहुतेक यंत्रं गप्प होतात. बंद करा, पुन्हा चालू करा, पुन्हा त्याच चौकटीपुढे उभे राहा.

त्यात या घटकेला कीबोर्डला मराठी येत नसतं. देवनागरी उमटवणारी सगळी यंत्रणा नंतर जागी होते. त्यामुळे कुलदैवताचं नाव पासवर्ड म्हणून ठेवायचं तर ते रोमन लिपीत ठेवावं लागतं आणि वर्षभराने खरा पेच पडतो. ‘श्री’च्या शेवटी आय होता की दोन ई? ‘लक्ष्मी’त एक्स घातला होता की केएसएच? ‘विठ्ठला’ला टी किती? देव तोच, भक्त तोच, आणि चौकटीत नुसत्या फुल्या.

शिवाय हा पासवर्ड विचारला जातो फार क्वचित. आपण लॅपटॉप बंद करतो कुठे? झाकण मिटतो. झाकण मिटलेला लॅपटॉप झोपलेला असतो, आणि झोपेतून उठताना फर्मवेअर सहसा काही विचारत नाही. सुपरवायझरच्या पासवर्डाशी तर दोन-तीन वर्षांतून एकदा गाठ पडते. ज्याचा रियाज नाही तो राग ऐन मैफलीत आठवत नाही, मग ‘आठ अक्षरं, एक आकडा, एक चिन्ह’ कुठून आठवणार?

सुरुवातीला मामला इतका कडक नव्हता. आयबीएमचा पीसी एटी १९८४ मध्ये आला तेव्हा त्याच्या दर्शनी भागावर चक्क किल्ली फिरवायचं कुलूप होतं. फिरवलं की झाकण उघडत नसे आणि कीबोर्ड मुका होई. त्याच यंत्रात मोटोरोलाची एक घड्याळाची चिप होती. तिच्यात स्मृती अवघी ६४ बाइट. त्यातले १४ घड्याळाच्या कामाला, उरलेल्या ५० मध्ये यंत्राच्या सगळ्या सेटिंग्ज. बॅटरीवर तगून राहणाऱ्या अशाच स्मृतीत पुढे पासवर्डही राहायला आला. मग त्या बॅटरीच्या जागी तीन व्होल्टचा, आठ आण्याएवढा गोल सेल आला. पासवर्ड विसरला? सेल काढा, थोडं थांबा, परत बसवा. यंत्र तारीख विसरे, पासवर्ड विसरे, सगळं नव्याने सुरू. काही बायॉस कंपन्यांनी तर कुठेही चालणारे चोरशब्द आत ठेवले होते. ‘अवॉर्ड’ बायॉसच्या चोरशब्दात कंपनीचंच नाव होतं, आणि तो दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ असे. ॲपलच्या जुन्या लॅपटॉपांची तऱ्हा याहून गमतीची. मेमरीची एक पट्टी काढून ठरावीक कळा दाबल्या की पासवर्ड पुसला जाई. स्मृती कमी झाली म्हणून यंत्राला विसर पडावा, हे तर फारच माणसासारखं झालं.

पुढे लॅपटॉप चोरीला जाऊ लागले आणि कंपन्यांनी ही सैल गाठ आवळली. पासवर्ड आता वीज गेली तरी न पुसणाऱ्या चिपमध्ये जाऊन बसला. थिंकपॅडच्या माहितीपुस्तकात तर स्पष्टच लिहिलेलं असतं, की सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर सिस्टिम बोर्ड बदलावा लागेल. पुस्तकाचा हा भाग विकत घेताना कोणी वाचत नाही.

माझ्या भाच्याने जुना लॅपटॉप स्वस्तात घेतला, तो असाच निघाला. विंडोज छान चाले. पण पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकायला गेला तर सुपरवायझर आडवा. विकणारा म्हणे, मलाही तो असाच मिळाला. आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला, कागदोपत्री भडकमकर मार्गावर, एका गाळ्यात गेलो. पोरगेल्या कारागिराने यंत्र उताणं केलं, स्क्रू काढून चुंबकाच्या वाटीत टाकले, प्लास्टिकच्या पट्टीने तळ उचकटला आणि करंगळीच्या नखाहून लहान, आठ पायांच्या एका चिपवर चिमट्याचं टोक ठेवलं.

‘काका, तुमचा पासवर्ड बसलाय इथे.’

‘आणि तो गोल सेल? तो काढला तर?’

तो हसला. ‘डेस्कटॉपच्या जमान्यातले दिसताय. सेल काढला तर घड्याळ बंद पडेल, पासवर्ड नाय जात.’

‘मग कंपनी काय म्हणेल?’

‘कंपनी म्हणेल बोर्ड बदला. बोर्डाचा भाव ऐकलात की तुम्ही म्हणाल, लॅपटॉपच बदला.’

बोलता बोलता त्याने आणखी एक स्क्रू काढला, एसएसडीची पट्टी बाहेर घेतली, एका डबीत खोचली आणि ती डबी स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. ‘डेटा पायजे तर हा घ्या,’ म्हणाला. पडद्यावर भाच्याचे सगळे फोल्डर ओळीने उभे. घरी ‘स्टडी टूर’ म्हणून सांगितलेल्या सहलीचे गोव्याच्या समुद्रातले फोटोही त्यात होते. गाळ्यातल्या गिऱ्हाइकांनी माना वळवल्या. भाचा माझ्याकडे बघेना, मी छताकडे बघू लागलो.

म्हणजे चोराला लागतो एक स्क्रू आणि मालकाला लागतो नवा बोर्ड. कुलूप सगळ्यात कडक कोणाशी वागतं, तर ज्याने ते घातलं त्याच्याशी.

याचा दोष कुलपावर टाकावा, असं मात्र मला वाटत नाही. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले आणि दूध घालायला आलेली हिरकणी वर अडकली, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो. पहारेकऱ्यांचं काय चुकलं? हुकूम होता, त्यांनी पाळला. घरी तान्हं बाळ असलेली आई आणि शत्रूचा हेर, दोघांना एकच उत्तर. दरवाजा पक्का होता, उघडा होता तो कडा. कडा उतरून ती घरी गेली. हे कळल्यावर महाराजांनी पहारेकऱ्यांना बोल लावला नाही, दरवाजाचा नियमही सैल केला नाही. तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला.

लॅपटॉपचा बुरूज म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन. विंडोजमध्ये बिटलॉकर, ॲपलमध्ये फाइलव्हॉल्ट, लिनक्समध्ये लक्स. ते चालू असेल तर काढून नेलेल्या डिस्कवर निरर्थक बाइट्सचा ढीग दिसतो आणि भाच्याची अब्रू शाबूत राहते. बुरूज झाला म्हणून दरवाजा काढून टाकायचा का? तसंही नाही. योआना रुटकोवस्का या पोलिश संशोधिकेने २००९ मध्ये ‘दुष्ट मोलकरणी’चा धोका मांडला. आपण हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप बंद करून जेवायला जातो. खोली झाडायला आलेली बाई पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू करते, आत एक चहाडखोर प्रोग्राम ठेवते आणि चादर नीट करून निघून जाते. पुढच्या वेळी आपण एन्क्रिप्शनचा पासवर्ड घालतो, तो टिपला जातो. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरूच होऊ न देणं, हे फर्मवेअरच्या पासवर्डाचं खरं काम. निश्चयी माणसाला तो थांबवत नाही, पण दहा मिनिटांच्या आगंतुकाला पुरतो. ॲपलने २०२० मध्ये स्वतःच्या चिपचे लॅपटॉप आणले, तेव्हा हा पासवर्ड बंदच केला आणि त्याचं काम मालकाच्या रोजच्या पासवर्डावर सोपवलं. रोज वापरला जाणारा पासवर्ड विसरत नाही, हे कोणाच्या तरी ध्यानात आलं असावं.

चोरीच्या बाबतीत या पासवर्डाने एक वेगळंच समाधान मिळतं. चोर लॅपटॉप उचलण्याआधी पासवर्ड आहे का म्हणून बघत नाही, त्यामुळे चोरी टळत नाही. पण घरी नेऊन बटण दाबल्यावर त्याला ती रिकामी चौकट दिसणार. माझं गेलं ते गेलं, पण त्यालाही पचलं नाही. भाऊबंदकीच्या दाव्यांत पिढ्या घालवलेल्या आपल्या समाजाला हे समाधान थोडकं वाटू नये.

राहता राहिला प्रश्न आठवणीचा. बँक वारसदाराचं नाव विचारते, विमा कंपनी विचारते. फर्मवेअर विचारत नाही. बिटलॉकर तर फर्मवेअरच्या सेटिंग्ज बदललेल्या दिसल्या की कधीकधी ४८ आकड्यांची किल्ली मागतो, आणि ४८ आकडे पाढ्यांवर वाढलेल्या पिढीलाही पाठ होत नाहीत. पासवर्ड कागदावर लिहू नये, हा उपदेश ऑफिसातल्या टेबलांसाठी ठीक आहे. घरात तो बिनदिक्कत लिहावा, रोमन स्पेलिंगसकट, आणि घरपट्टीच्या पावत्या, विम्याची पॉलिसी आणि जुनं रेशनकार्ड असलेल्या फायलीत ठेवावा. त्या फायलीत चोर हात घालणार नाही, याची खात्री देतो. तिच्यातला हवा तो कागद आजवर घरच्यांनाही वेळेवर सापडलेला नाही. तेव्हा पासवर्ड ठेवण्याआधी एक रविवार काढून फाइल लावून घ्यावी, हे बरं.