नग क्रमांक ३१ : एक खुलं पत्र

सौ. अज्ञात यांस,



आपली ओळख नाही. होण्याची शक्यताही नाही. पण आपण कधीकाळी विकत घेतलेलं एक कापड माझ्या घरी तिसऱ्यांदा मुक्कामाला आलं आहे, तेव्हा पाहुण्याच्या माहेरी कळवणं भाग आहे.

रंग जांभळट गुलाबी, त्यावर सोनेरी ठिपके, आणि कोपऱ्यात 'प्युअर कॉटन, ८० सें.मी.' असं चकचकीत लेबल. आठवलं? नसेलच आठवत. ओटीतला ब्लाऊजपीस लक्षात ठेवायचा नसतो, तो पुढच्या ओटीत ढकलायचा असतो. आपणही कुठल्याशा मॅचिंग सेंटरमधून तो डझनाच्या भावात उचलला असणार आणि हळदीकुंकवाच्या तबकात नारळाखाली ठेवून हात झटकले असणार. दुर्दैव एवढंच, की फिरत फिरत तो माझ्यासारखीच्या पदरात पडला. मी गोधड्या शिवते. आणि गोधड्या शिवणाऱ्या बाईला वही ठेवावी लागते.

वहीबद्दल सांगते, म्हणजे आपण कशात सापडलात ते कळेल. घरात आलेल्या प्रत्येक कापडाला मी क्रमांक देते. एक इंचाचा तुकडा कापून वहीत डकवते. शेजारी रकाने : कधी आलं, कुणाकडून आलं, लांबी-पन्हा, सुती की मिश्र, रंग सोडतं का, कुठल्या गोधडीत गेलं. शिवाय कापडाच्या काठाला आतून लाल दोऱ्यानं खूण करते : दहाला एक लांब टाका, एकाला एक आखूड. पूर्वीचे धोबी बिब्ब्याच्या तेलानं कपड्यांवर खुणा करायचे. धुऊनही जायच्या नाहीत अशा. इंग्रजीत बिब्ब्याला 'मार्किंग नट' म्हणतात ते त्यामुळेच. बिब्बा अंगावर उततो म्हणून मी दोरा वापरते. बाकी तत्त्व तेच.

आपलं कापड २०१६ सालच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला आलं. तीन लांब टाके, एक आखूड. नग क्रमांक ३१. पुढे २०१९ साली एका डोहाळजेवणात माझी ओटी भरली गेली. घरी येऊन बघते तर तेच ठिपके. नवीन नग समजून ४४ क्रमांक दिला आणि खूण करायला काठ उलटला, तर आत तीन लांब, एक आखूड! यंदाच्या संक्रांतीला ५९ क्रमांकाच्या वेळीही तेच. मधल्या काळात ते किती घरी गेलं, कोणत्या कपाटांत राहिलं, किती नारळांचा भार वाहिला, हे त्या कापडालाच ठाऊक. लेबल मात्र अजून चिकटलेलंच आहे. यात्रेकरूनं गळ्यातली माळ काढू नये, तसं.

आता आपण विचाराल, की ३१ क्रमांक माझ्या घरातून बाहेर पडलाच कसा? मीच ढकलला. दोनदा. लपवून काय करू, वहीत लिहिलेलं आहे. पहिल्यांदा नणंदेच्या मैत्रिणीच्या ओटीत, दुसऱ्यांदा वरच्या मजल्यावर. तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात आपल्याशेजारी मीही उभी आहे. पण मूळ खरेदी आपली, त्यामुळे पुढची जागा आपली.

'प्युअर कॉटन'चं म्हणाल, तर मी परीक्षा घेतली. अगदी सोपी आहे, आपल्यालाही सांगते. कापडाचे चार धागे ओढून काढायचे, चिमट्यात धरायचे, खाली स्टीलची ताटली ठेवायची आणि काडी लावायची. सुती धागा कागद जळावा तसा जळतो, वासही कागदाचाच, आणि मागे राहते ती मऊ करडी राख. पॉलिस्टर ज्योत पाहताच अंग चोरतं, वितळतं आणि मागे काळा कडक मणी सोडतं. आपल्या प्युअर कॉटननं मला चार धाग्यांत एक मणी दिला. चांगला टणक. अशा दहा-बारा नगांत पोत झाली असती.

लांबीही मोजली. ८० सेंटिमीटर लिहिलेलं, भरलं ६८. म्हणजे ब्लाऊज शिवायला तोकडं, रुमालाला निसरडं, आणि पुसायला घ्यावं तर पाणी शोषत नाही. एकच काम त्याला उत्तम जमतं, ते म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात जाणं. त्यासाठीच ते जन्माला आलं आहे.

आपल्यासारख्या देणग्यांमुळे झालेल्या नुकसानीचा तपशील आता देते. परीक्षा घेण्याची अक्कल येण्याआधी, २०११ साली, मी भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं. ओटीतल्याच कापडांचे चौकोन. दोन ओळी जोडून इस्त्री फिरवली, तर एक ठिपकेवाला चौकोन आक्रसून इस्त्रीच्या तळाला चिकटला. उरलेलं धुतलं, तर सुती चौकोन आटले, मिश्र आटले नाहीत, आणि दुपट्याला आंबोळीसारखी जाळी पडली. वर एका लाल तुकड्यानं सगळ्यांना रंगपंचमी खेळवली. ते बाळ आता हायस्कुलात जातं. दुपटं अजून पिशवीतच आहे.

तेव्हापासून अर्धवट कामांचीही नोंद ठेवते. अमेरिकेतल्या गोधडीवाल्या बायका अशा कामांना 'यूएफओ' म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट. उडत्या तबकड्यांसारखीच ही कामं, अधूनमधून दिसतात आणि पुन्हा वर्षानुवर्षं गायब. आपल्याकडे त्याला सरळ 'पडून आहे' म्हणतात. पडून असलेल्या प्रत्येक कामाची माझ्याकडे वेगळी पिशवी आहे. पिशवीत आलेख-कागदावर काढलेला नमुना, चौकोनाचा पुठ्ठ्याचा साचा, त्याच दोऱ्याचं रीळ आणि एक चिठ्ठी : चौकोन किती कापले, किती जोडले, शिवणीला कडेनं किती सोडलं, कुठे थांबले. साचा हरवला की काम मेलंच समजायचं. नव्यानं कापलेला चौकोन जुन्याहून सुतभर तरी चुकतो, आणि दहा चौकोनांनंतर त्या सुताचं बोट होतं. पिशवीत सुई मात्र ठेवायची नाही. पावसाळ्यात गंजते आणि कापडावर डाग सोडते. पिशवी सुतीच हवी, कारण प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते.

एवढी टापटीप असूनही कालपर्यंत माझी तिसरी गोधडी अडली होती. हिशोब ऐका. शिवून नऊ इंच उरावा म्हणून चौकोन साडेनऊ इंचांचा कापायचा. ३६ इंच पन्ह्याच्या, खरोखर ८० सेंटिमीटर असलेल्या ब्लाऊजपीसमधून तसे नऊ निघतात. एका माणसाच्या गोधडीला सात गुणिले दहा, म्हणजे ७० लागतात. माझ्याकडे एकूण ६४ नोंदी. देणं-घेणं, फाटणं-विटणं वजा जाता हाती ५१ नग, आणि त्यांपैकी जळून राख झालेले, म्हणजे अस्सल सुती, अवघे २३. तेवीस नव्वे दोनशे सात. दोन गोधड्या पुऱ्या, तिसरीला तीन चौकोन कमी. उरलेले २८ नग आपल्या गोत्रातले. तिसरी गोधडी आपल्यामुळे अडली होती, असं मी म्हणते ते उगाच नव्हे.

माझ्या आजीला वही लागत नव्हती, कारण तिच्याकडे साठाच नव्हता. नऊवारी सुती लुगडं अंगावर विरायचं, मग त्याचं अस्तर व्हायचं. धोतर मधल्या थरात जायचं. उन्हाळ्यात अंगणात पसरून दोघी-तिघी कडेनं धावदोरा धरायच्या आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर यायच्या. कुठला तुकडा कुणाचा, हे पाठ असायचं, कारण तो तुकडा कुणाच्या तरी अंगावर पाहिलेला असायचा. विकत घेतलेलं, न नेसलेलं, कुणाचंच नसलेलं कापड गोधडीत यायला लागलं आणि नोंदीची गरज पडली.

आईनं मात्र नोंद ठेवली होती. तिच्या गाठोड्यात प्रत्येक खणाला टाचणीनं चिठ्ठी लावलेली : 'थोरल्या वहिनी, चैत्रगौर', 'देशमुखांकडची मुंज', 'मंगळागौर, कोपऱ्यावरचं घर'. सगळं तिच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात. ती गेल्यावर मी चिठ्ठ्या तारखेनं लावल्या. शेवटची चिठ्ठी १९९८ सालच्या चैत्रातली. त्यानंतर एकही नाही. त्या वर्षीच्या आषाढात बाबा गेले.

पुढची चौदा वर्षं ती जगली. गल्लीत बाळ झालं, की दुपटं तिच्याकडूनच यायचं. हात हलका, टाका तांदळाएवढा, लोक मुद्दाम मागायला यायचे. दुपटं चालायचं. ते शिवणारीला हळदीकुंकवाचं बोलावणं मात्र यायचं नाही. तक्रार तिनं कधी केली नाही. चिठ्ठ्या लिहायची थांबली, एवढंच.

तेव्हा सौ. अज्ञात, आपल्या नग क्रमांक ३१ वर माझा राग पॉलिस्टरपायी आहे असं समजू नका. ज्या कापडाचा ब्लाऊज कुणालाच शिवता येत नाही, जे लेबलावर धडधडीत खोटं बोलतं, ते वर्षानुवर्षं घरोघरी मानानं जातं, पाटावर बसतं, हळदीकुंकू लावून घेतं. आणि जिच्या दुपट्यांत अर्धी गल्ली वाढली, तिला उंबऱ्याआड थांबावं लागतं. माझ्या वहीत हे दोन रकाने शेजारी शेजारी आले आणि मला हे पत्र लिहावं लागलं.

२०२२ सालच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका खेड्याला जे ठरावानं जमलं, ते आमच्या सोसायटीला ओटीच्या तबकापुरतं तरी जमायला हरकत नव्हती. पण आमच्याकडे ठराव होतात ते पार्किंगचे.

असो. आपल्या कापडाचं मी काय केलं तेही कळवते, नाहीतर आपण पुन्हा त्याची वाट पाहायच्या. परवा त्याची शिलाई मशीनवर घालायची खोळ शिवली. धूळ बसू देत नाही आणि झटकन वाळतं, हे गुण त्यात आहेत, आणि ते मी वहीत प्रामाणिकपणे लिहिले आहेत. ३१, ४४ आणि ५९ या तिन्ही नोंदींसमोर 'संपलं' असा शेरा मारला. पुढच्या कुणा बाईच्या ओटीत ते आता यायचं नाही.

आईचा १९९८ सालचा खण साधा सुती आहे, हिरवा टू बाय टू, लांबी भरपूर. धागा काढून जाळायचीही गरज पडली नाही, हाताला कळतं. काल त्याला क्रमांक दिला. नग ६५, 'कुणाकडून' या रकान्यात : आई. तिसऱ्या गोधडीचे तीन चौकोन त्यातूनच कापले. टाचणीची चिठ्ठी वहीत डकवली आहे.

येत्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू आहे. बोलावण्याची यादी मी केली आहे, आणि तळमजल्यावरच्या काकूंचं नाव, ज्यांना गेली सहा वर्षं कुणी बोलावलेलं नाही, पहिलं आहे. ओटीत सुती कापड असेल, पट्टीनं मोजलेलं, आणि कुणाचाही नवरा हयात आहे की नाही ही चौकशी होणार नाही. आपणही अवश्य या.

येताना काही आणू नका.

आपली,
वही ठेवणारी एक गोधडीवाली