झाडावरची चरबी

वरोऱ्याचं पाणी साबणाला सहजी वश होत नाही. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या पोटात कोळसा आहे तसा चुनखडकही आहे. त्याच चुनखडकावर इथले सिमेंटचे कारखाने जगतात, आणि बोअरचं पाणी वर येताना जमिनीची थोडी आठवण सोबत घेऊन येतं. दिसायला ते निर्मळ, चवीला बरं. पण साबण लावून बघा. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला वाटेतच गाठतात आणि फेस व्हायच्या ऐवजी बादलीच्या कडेला करडा, चिकट साका बसतो. नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली आधी साबणाला दोष देतात, मग बादलीला, आणि पुढे वरोऱ्याच्या होऊन जातात. मला मात्र या पाण्याचा अभिमान आहे. मऊ पाण्याच्या गावात कुठलाही साबण फेसाळतो. तिथे साबणाची परीक्षा होत नाही, सत्कार होतो. परीक्षा घ्यायची तर ती इथे. आमच्या पाण्यात ज्याला फेस आला, त्याला जगात कुठेही अडणार नाही.

मी ज्यांची परीक्षा घेतो ते दाढीचे साबण असतात, तेही जनावराच्या चरबीपासून केलेले. हा छंद मी लावून घेतला नाही, तो भाच्याच्या बॅगेतून घरात शिरला. भाचा जर्मनीत असतो. सुट्टीवर येताना मामासाठी काय न्यावं, या प्रश्नाचं उत्तर त्याने एकदा शोधलं आणि पुन्हा त्यावर विचार म्हणून केला नाही. त्यामुळे माझ्याकडे लोकरीची चिकणाई मिसळलेला ब्रॅडफर्डचा मिचेल्स आहे, कडू बदामाच्या वासाचा मिलानचा चेल्ला आहे, तुर्कस्तानच्या आर्कोची कांडी आहे. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘पोटॅशियम टॅलोएट’ असं काही छापलेलं असतं. ऐकायला ते एखाद्या औषधासारखं सोज्वळ वाटतं. भाच्याने सरळपणाने त्याचा अर्थ सांगितला नसता तर आमच्या घरात शांतता नांदली असती. एकादशी पाळणाऱ्या घरात अशा वस्तूला जागा देणं सोपं नाही. न्हाणीघरात देवाची उपकरणी घासली जातात, म्हणून तिथे नको. स्वयंपाकघराचं तर नावच काढायचं नाही. शेवटी सगळ्या डब्यांची रवानगी मागच्या पडवीच्या खिडकीत झाली, सायकलचा पंप आणि मुका झालेला ट्रान्झिस्टर यांच्या सोबतीला. ‘दाढी झाली की हात धुऊन मगच आत या,’ अशी हिची आज्ञा आहे. साबणाने माखलेले हात धुवायचे कशाने, असं मी एकदा विचारलं. ‘तांब्याभर पाण्याने आणि थोड्या लाजेने,’ ती म्हणाली.

चरबीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. मिशेल शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1823 साली प्राणिज स्निग्ध पदार्थांवर मोठा ग्रंथ काढला आणि दाखवून दिलं, की चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि काही आम्लं यांनी मारलेली गाठ आहे. क्षार घातला की गाठ सुटते. आम्लं क्षाराशी संसार थाटतात, त्याला आपण साबण म्हणतो, आणि ग्लिसरीन मोकळं होतं. (शेव्रल 102 वर्षं जगला. चरबी तब्येतीला वाईट, हे त्याला कोणी सांगितलं नसावं.) आता सगळी खुबी त्या आम्लांत. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर. त्याचा फेस निवडणुकीच्या सभेसारखा, बघता बघता जमतो आणि बघता बघता पांगतो. चरबीत पामिटिक आणि स्टिअरिक ही जड आम्लं असतात. त्यांचा फेस उशिरा येतो, बुडबुडे इतके बारीक की वेगळे दिसूच नयेत, आणि एकदा गालावर बसला की हेमाडपंती देवळासारखा बसतो. वस्तऱ्याला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच वाटेने यायचं असेल तर असाच फेस हवा. क्षारातही भेद आहे. सोड्याचा साबण टणक होतो, पोटॅशचा मऊ. दाढीच्या चांगल्या साबणात दोन्ही असतात, म्हणून तो डबीत दगडासारखा दिसत असला तरी ओल्या ब्रशला लगेच पाझरतो.

पारख डोळ्यांनी सुरू होते. चांगल्या चरबीचा साबण पांढरा किंवा हस्तिदंती असतो. त्यावर नारिंगी ठिपके उमटायला लागले की समजावं, आत कुठेतरी खवटपणा शिरला. मग नाक. अत्तरावर जायचं नाही, अत्तर हा साबणाचा वकील असतो. एक कोपरा कोमट पाण्याने ओला करून क्षणभर थांबायचं, अत्तराचा पहिला झोत ओसरू द्यायचा आणि मग हुंगायचं. चरबी नीट कढवून, गाळून घेतली असेल तर तिथे काहीच सापडत नाही, नुसता स्वच्छपणा. घाई केली असेल तर मात्र अत्तराच्या पडद्यामागून रविवार सकाळचा मटणबाजार हळूच डोकावतो. तिसरी कसोटी जिभेची आहे आणि ती मी ही देवळात गेली असताना घेतो. साबणाला जिभेचं टोक लावायचं. शिल्लक राहिलेला क्षार असेल तर विजेच्या बारीक झटक्यासारखा चावा बसतो. नसला तर नुसती साबणाची चव, जी माणसाला लहानपणापासून परिचयाची असते. मुरलेला साबण चावत नाही. नवा साबण महिना-दीड महिना हवेत राहिला की त्याचा तापटपणा जातो, हे साबण करणारे सांगतात, आणि साबणापुरतं ते खरं आहे.

खरी परीक्षा ब्रशपासून पुढे. माझा ब्रश डुकराच्या केसांचा आहे. आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यासमोर हे बोलायची सोय नाही. रानडुकरांनी रात्रीत सोयाबीन लोळवलेलं असताना त्यांच्या केसांचं कौतुक कोण ऐकून घेईल? पण ते केस राठ असतात, साबणातून ऐवज खणून काढतात, आणि आमच्या जड पाण्यात खणावंच लागतं. पाण्याची आणि साबणाची पहिली झटापट ब्रशवर होते. थोडा साबण त्यात कामी येतो, साका होऊन ओघळतो. त्यानंतर टिकतो तो आपला. तरीही मी गुण फेसाला देत नाही. गालावरचा फेस बोटाने पूर्ण निपटून काढावा आणि त्या उघड्या कातडीवरून ओलं बोट फिरवावं. बोट अडखळलं तर साबण दिखाऊ. बोट घसरत राहिलं, फेस गेल्यावरही वस्तऱ्याला वाट मिळाली, तर तिथे चरबी आपलं काम करून गेली आहे. माझ्या मते एवढी एकच कसोटी पुरे. तासाभराने गाल ओढल्यासारखे वाटतात का हेही बघावं, पण मे महिन्यात वरोऱ्यात सगळंच ओढल्यासारखं वाटतं, त्यामुळे तो निकाल मी दिवाळीनंतर लावतो.

आमचे दुकानवाले मामा हे सगळं ऐकून घेतात, म्हणजे ऐकल्यासारखं करतात. त्यांचे आजोबा धोकटी घेऊन गावोगाव जायचे. धोकटीत वस्तरा, चामोटी, वाटी, तुरटी, साबण नव्हताच. पाटलाच्या ओसरीवर बसून गालाला निव्वळ पाणी लावायचं, बोटांनी चोळत राहायचं, गावातल्या सोयरिकी बोलून संपेपर्यंत चोळायचं. सोयरिकी जितक्या जास्त तितकी दाढी मऊ. ‘साबनाचं काही नाही जी गुरुजी,’ मामा म्हणतात, ‘पानी मुरलं का दाढी आपूनच सोडते.’ मिचेल्सची डबी मी त्यांना कौतुकाने दाखवली तेव्हा त्यांनी ती उन्हात धरली, वास घेतला, माझ्याच एका गालावर चालवून पाहिली आणि शेवटी म्हणाले, ‘फेस कमीच येते, पन वस्तरा असा घसरते का त्याले थांबवा लागते.’ भाच्याच्या सगळ्या वेष्टनांवर मिळून इतकं नेमकं काही लिहिलेलं नाही.

त्यांच्या दुकानात संत सेना महाराजांची तसबीर आहे. सेना महाराज भजनात रमले होते आणि बादशहाचं बोलावणं आलं, तेव्हा विठ्ठलच त्यांचं रूप घेऊन धोकटी काखेला मारून गेला आणि बादशहाची हजामत करून आला, अशी आख्यायिका. तेलाच्या वाटीत बादशहाला चतुर्भुज रूप दिसलं म्हणतात. खुर्चीत मान मागे टाकून ती तसबीर बघताना मला नेहमी वाटतं, की देवाने त्या दिवशी पाणी किती वेळ मुरवलं असेल? चार हात असल्यावर घाई झाली असणार.

चरबीशी आपल्या देशाचं कधी जमलं नाही. 1857 साली काडतुसाला लावलेल्या चरबीवरून काय झालं ते शाळेत शिकवतातच. पुढे आर्देशीर गोदरेज यांनी 1919 च्या सुमारास वनस्पती तेलाचा, प्राण्याच्या चरबीचा स्पर्श नसलेला साबण बाजारात आणला आणि स्वदेशीच्या काळात त्याचं स्वागत झालं. त्या साबणाची शिफारस करणाऱ्यांत रवींद्रनाथ ठाकूर होते. ज्यांनी दाढीला आयुष्यभर अभय दिलं त्यांनी साबणाला प्रशस्तिपत्र द्यावं, यात मला एक थोर निःपक्षपातीपणा दिसतो. तरीही कारखान्यांच्या साबणात परदेशी चरबी येत राहिली. 1983 साली वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण उसळलं, देश ढवळून निघाला आणि चरबीची आयात बंद झाली. तेव्हापासून वेष्टनावर पाम आलं. आमच्या हवामानालाही चरबी मानवणारी नाही म्हणा. गुरांची चरबी वितळते ती साधारण 40 ते 50 अंशांच्या दरम्यान, आणि चंद्रपूरचा मे महिनाही त्याच मुक्कामावर उतरलेला असतो. साबण झाल्यावर ती वितळत नाही, हे शेव्रलचे उपकार.

हे सगळं मनात घोळत असताना एकदा मी मोहाच्या तेलाची माहिती वाचत होतो आणि वाचता वाचता उठून बसलो. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात ती सगळ्यांना ठाऊक. त्यांची कीर्ती बाटलीतून दूरवर गेलेली आहे. पण पावसाच्या तोंडावर त्याच झाडाची फळं पिकतात, त्यातल्या बियांना टोळी म्हणतात, आणि गडचिरोलीकडे घाण्यावर त्या टोळीचं तेल काढतात. ते भाजीला चालतं, दिव्याला चालतं, टाचांच्या भेगांना चालतं. थंडीत ते लोण्यासारखं गोठतं. आणि त्याची कुंडली मांडली तर पामिटिक साधारण पाव हिस्सा, स्टिअरिक त्याच्या आसपास, ओलिक चाळीस टक्क्यांच्या घरात. म्हणजे गुरांच्या चरबीशी छत्तीस नाही तरी तीस गुण जुळतात! मिलानचा माणूस ज्यासाठी खाटकाच्या दारात उभा राहतो, ते आमच्याकडे पहाटे झाडाखाली वेचायला मिळतं. दक्षिणेकडच्या पायनी वृक्षाच्या बियांतल्या तेलाला इंग्रजांनी मलबार टॅलो असं नावच दिलं होतं. चांद्याच्या मोहाला तसं कोणी नावाजलं नाही. इथे वरोऱ्यात त्यांची सरकारी कोळशाची खाण होती, साहेब लोक रोज गुळगुळीत गालांनी तिच्यात उतरत असतील, पण त्यांची नजर जमिनीखाली लागलेली. वर्ध्याला मगनवाडीत मात्र हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. 1934 साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघात जे. सी. कुमारप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाणीपासून साबणापर्यंत सगळ्या गावउद्योगांत हात घातला होता, रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप काढला होता. पुढे खादी ग्रामोद्योगाने अखाद्य तेलांच्या साबणाला उत्तेजन दिलं. पण तो साबण कपड्यांचा आणि अंगाचा. दाढी बहुधा त्या मंडळींना चैनीची बाब वाटली असावी.

मग मीच केला. धानोऱ्याकडून तेल मागवलं, मागच्या अंगणात चष्मा आणि रबरी हातमोजे घालून सोडा-पोटॅशचं पाणी हळूहळू ओतलं, घोटलं, साच्यात भरलं आणि मुरायला ठेवलं. डोळ्यांच्या परीक्षेत तो काठावर पास झाला, कारण रंग पिवळसर. नाकाच्या परीक्षेत सपशेल नापास; टोळीच्या तेलाचा वास कुठल्याच वकिलाला आवरत नाही. मामांनी तर डबी उघडायच्या आतच विचारलं, ‘मोहाचा साबन? गालाले लावाचा का प्याचा?’ फेस बेताचा, पण निपटून काढल्यावर गालावर बोट फिरवलं आणि ते थेट कानापर्यंत घसरत गेलं. मामांनी दुसरा गाल न विचारता पुढे करायला लावला.

घरात या साबणाला वेगळीच वागणूक मिळाली. तो पडवीत फार दिवस राहिला नाही. कोणी आणला ते मला कळलं नाही, पण एका सकाळी तो न्हाणीघरातल्या फळीवर, चक्क शिकेकाईच्या डब्याशेजारी विराजमान होता आणि एका बाजूने बराच झिजलेला होता. मी दाढी एकाच गतीने करतो, इतका तो माझ्याने झिजणं शक्य नव्हतं. ‘टाचा मऊ राहतात,’ ही स्वयंपाकघरातून म्हणाली, जणू मी काही विचारलं होतं. आता पुढच्या घाण्याची बोलणी चालू आहेत. कोकमाच्या तेलात स्टिअरिक निम्म्याहून अधिक असतं, तेव्हा सावंतवाडीचं थोडं कोकमतेल आणि गडचिरोलीची टोळी असा राज्याच्या दोन टोकांचा जोड लावून बघावा, असं माझ्या मनात आहे. अडचण भांड्याची आहे. अॅल्युमिनियमला हा क्षार खातो, स्टीलचंच पातेलं लागतं, आणि मोठं स्टीलचं पातेलं घरात एकच, दिवाळीच्या चिवड्याचं. ती ते द्यायला तयार झाली आहे. अट एवढीच, की वास गेल्याशिवाय तिच्या माहेरी हिंगणघाटला वड्या पाठवायच्या नाहीत, आणि पातेलं मी स्वतः घासायचं, दुसऱ्या साबणाने.