शेव्हर जोडावा कसा (उघडून झालाच आहे म्हणून)

इलेक्ट्रिक शेव्हर उघडायला मार्गदर्शन लागत नाही. रविवारची सकाळ, दोन दिवसांचे खुंट आणि "आवाज जरा वेगळाच येतोय, बघतो" एवढं वाक्य पुरतं. प्रस्तुत मार्गदर्शन त्यानंतरच्या परिस्थितीसाठी आहे. म्हणजे तुकडे वर्तमानपत्रावर पसरलेत, वर पंखा गरगरतोय आणि स्वयंपाकघरातून विचारणा होते आहे, "झालं का?"

"होतंच आलंय," असं उत्तर द्यावं. मग पंखा बंद करावा. (क्रम उलटा असता तर दाढीची भुकटी आमटीपर्यंत पोचली नसती.) चार्जरची पिन काढलेली आहे ना, हेही आत्ताच बघावं.

साहित्य: जवळचा चष्मा, जुना टूथब्रश, स्क्रू ठेवायला स्टीलची वाटी आणि फ्रीजवर चिकटवलेलं चुंबक. चुंबक कशाला, ते सोफ्याखाली झोपल्यावर कळेल. उघडताना मोबाइलवर फोटो काढले असतील तर उत्तम. त्यात बहुधा आपला अंगठा छान आलेला असतो.

आता मुख्य संकट. गोल डोक्यांचा शेव्हर १९३९ साली हॉलंडात फिलिप्सने काढला, तेव्हा त्याला एकच डोकं होतं. पुढे दोन झाली, मग दत्तगुरूंसारखी तीन. प्रत्येक डोक्याला वर एक जाळी आणि आत एक फिरतं पातं. तिन्ही पाती दिसायला सारखी, तिन्ही जाळ्याही सारख्या. पण हे दिसणं फसवं आहे. प्रत्येक पातं आपापल्या जाळीशी घासून-घासून जुळलेलं असतं. सोबतच्या पुस्तिकेत सक्त ताकीद असते की जोड्यांची अदलाबदल करू नका. केलीत तर पुन्हा पूर्वीसारखी दाढी व्हायला काही आठवडे लागतील. ही पुस्तिका आपण खोक्यासकट रद्दीत दिली आहे.

तीन पाती, तीन जाळ्या: जोड्या लावण्याचे मार्ग सहा, त्यांतला बरोबर एक. आपण तिन्ही पाती एकाच वाटीत धुतली असल्यास गणित इथेच सोडावं आणि देवाचं नाव घेऊन लावत सुटावं. एवढंच पाहावं की पात्याची धार जाळीकडे आहे. पातं उलटं बसलं की वरची चौकट 'टक' करून लागत नाही. अशा वेळी जोर लावणारे लोक असतात. त्यांनी पुढचा परिच्छेद वाचायची गरज नाही.

इतरांनी अंगठ्याने सावकाश दाबावं. 'टक' आवाज आला की क्षणभर थांबून तो पुन्हा आठवावा. कधीकधी तो गुडघ्याचा असतो.

मूठही उघडली असेल तर रबरी रिंग आधी बसवावी. ती जागेवर नसली तर पुढच्या धुण्यात पाणी थेट मोटरपर्यंत जातं. बॅटरीला मात्र हात लावू नये, हे अजिबात गमतीत घेऊ नका. लिथियमच्या सेलला स्क्रूड्रायव्हरचं टोक लागलं तर दाढीबरोबर भुवयाही जातील.

सगळं बसल्यावर वाटीत एक स्क्रू उरतो. घाबरू नये. तो सुतळी, सेफ्टीपिना आणि जुन्या किल्ल्यांच्या डब्यात टाकावा. तिथे गेल्या वर्षीच्या मिक्सरचा एक आहेच, त्याला सोबत होईल.

बटण दाबावं. शेव्हर घुमू लागतो, आतून कुणीतरी "अरे वा!" म्हणतं आणि आपण ऐटीत उजवा गाल पुढे करतो. उजवा गाल होतो. डाव्या गालावर नेताच यंत्र एकदा खोकतं आणि गप्प होतं.

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये अर्ध्या दाढीचे पैसे पूर्णच घेतात. विचारून पाहिलं आहे.