अर्धवट पुनरागमन : नवशिक्या ज्येष्ठांसाठी

पूर्वतयारी म्हणून आधी थोर व्हा. 'सायको' (१९६०), 'द बर्ड्स' (१९६३) एवढं हातून झालं तरी भागतं. मग दोन पडेल चित्रपट काढा. आल्फ्रेड हिचकॉकने हे काम मन लावून केलं. १९६६ चा 'टॉर्न कर्टन' पॉल न्यूमन आणि ज्यूली अँड्र्यूज असूनही ढिला. १९६९ च्या 'टोपाझ'मध्ये मोठा नट एकही नाही, शेवट मात्र तीन-तीन चित्रित केलेले. कोणता ठेवावा हेच सुचेनासं झालं की समजावं, तयारी पूर्ण झाली.

आता वयाच्या सत्तरीत आपल्या मुलखात परता. हिचकॉक १९७१ मध्ये लंडनला गेला आणि 'फ्रेन्झी'चा कॅमेरा थेट कोव्हेंट गार्डनच्या घाऊक भाजीबाजारात लावला. बाप लेटनस्टोनचा भाजीवाला. त्यामुळे पोती, हमाल, पहाटेची गडबड त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या दोन पडेल चित्रपटांतल्या गुप्तहेरांच्या जगात पाहुण्यासारखा वावरणारा हा माणूस इथे घरच्यासारखा वागतो. खुनी बॉब रस्कही फळांचा व्यापारी : हसतमुख, आईवर जीव, मित्राला फुकट द्राक्षं देणारा आणि बायकांचे टायने गळे आवळणारा. मायकेल केनने ही भूमिका नाकारली. नाकारू द्या. बॅरी फॉस्टरकडून कोणीही बिनधास्त सफरचंद घेतलं असतं.

नायक मात्र बिघडवायला विसरू नका, नाहीतर पुनरागमन पूर्ण व्हायचं. जॉन फिंचचा ब्लेनी निर्दोष आहे, पण इतका चिडका की रस्कच्या खुनांसाठी त्याला अटक झाल्याचं फारसं दुःख होत नाही. उलट बटाट्यांच्या ट्रकमध्ये रस्क जेव्हा प्रेताच्या आवळलेल्या मुठीतून आपली टायपिन सोडवायला धडपडतो, तेव्हा आपणच मनात म्हणतो, 'उरक लवकर!' जुना हिचकॉक हाच; प्रेक्षकाला गुन्ह्यात भागीदार करून घेणारा.

पुढची सूचना अवघड आहे. सेन्सॉरचे जुने नियम सैल झाले असतील, तर त्याचा फायदा घ्या आणि फसा. वधूवर सूचक केंद्र चालवणाऱ्या ब्रेंडावरचा बलात्कार आणि तिचा खून हिचकॉक शेवटपर्यंत दाखवतो, बाहेर आलेल्या जिभेसकट. 'सायको'त चाकू अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, तरी न्हाणीघराची धास्ती बसते. इथे सगळं दिसतं आणि नुसती शिसारी येते. बंधनात राहून जे डोकं चालायचं, ते मोकळीक मिळताच सुस्तावलं, असं माझं मत आहे.

लगेच, त्याच चित्रपटात, उलट करून दाखवा. रस्क ब्लेनीची मैत्रीण बॅब्ज हिला घेऊन जिना चढतो, दार बंद होतं. कॅमेरा आत जात नाही. मागे सरकत जिना उतरतो, बोळातून रस्त्यावर येतो. मघाशी थांबलेला बाजाराचा कलकलाट पुन्हा कानावर येतो आणि वर काय चाललंय याचा कोणाला पत्ताही नाही. (रस्ता खरा, जिना स्टुडिओतला. जोड लपवायला दारापुढून पोतं घेतलेला एक माणूस जातो. हमालाचा इतका उत्तम उपयोग दुसऱ्या कोणी केला असेल तर कळवावं.) सगळं दाखवणारा आणि काहीच न दाखवणारा, दोन्ही दिग्दर्शक एकाच तिकिटात. परतला तो दुसरा.

विनोद स्वयंपाकघरात ठेवा. खुनांचा तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर ऑक्सफर्डची बायको फ्रेंच पाककृती शिकते आहे. मुडद्याची बोटं कशी मोडली हे नवरा सांगत असताना ती कडक पावकांडी कटकन मोडते. गरीब नवरा अंडी-सॉसेजची न्याहारी ऑफिसात उरकतो.

हेन्री मॅन्सिनीने केलेलं संगीत आवडलं नाही तर रॉन गुडविनकडून नवं करून घ्या. पडद्यावर क्षणभर झळकायची खोड असेल तर सुरुवातीलाच उरकून टाका. थेम्सकाठी पुढारी नदी शुद्ध करण्यावर भाषण देतो, त्या गर्दीत बोलर हॅट घालून उभे राहा. टाळ्या इतरांना वाजवू द्या. तुम्हाला पाण्यात काय तरंगत येणार आहे ते माहीत आहे.