ॲव्हरेज किती देते?

शाळेत सरासरी काढायला बेरीज आणि भागाकार लागतो. रस्त्यावर ‘ॲव्हरेज’ म्हणजे गाडीच्या चारित्र्याचा दाखला, आणि आपल्याच दाखल्यावर कमी गुण कोण लिहून घेईल? टपरीवर दोन पिकअपवाले भेटले, की चहा यायच्या आत ‘तुमची किती देते?’ होतं. एकाने 14 म्हटलं की दुसऱ्याची 15 देते. लिलावच तो. हीच 15 ची गाडी संध्याकाळी शेठपुढे हिशेबाला उभी राहिली की साडेअकरावर येते. मधल्या साडेतीन किलोमीटरांत कुणाचा नाश्ता झाला, ते विचारायचं नसतं. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्नच गाडीवर अन्याय करणारा आहे. गाडी काही देत नाही. चढ घेतो, वारा घेतो, चालकाचा उजवा पाय घेतो, मालकाची हौस घेते. ही सगळी पंगत उठल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरतं, ते तिच्या नावावर मांडलं जातं.

नारायणगावची पिकअप घ्या. हौद्यात टोमॅटोचे क्रेट रचून ती चाकण, तळेगाव, लोणावळा करत घाट उतरते आणि वाशीच्या बाजारात जाते. म्हणजे दीड टन माल घेऊन सह्याद्री उतरायचा आणि रिकामे क्रेट घेऊन चढायचा. आता दुसरी पिकअप घ्या, तशीच, त्याच कंपनीची. ती भिवंडीच्या गोदामातून भरून पुण्याकडे निघते आणि रिकामी परतते. खोपोली ते लोणावळा चढ साडेपाचशे मीटरांच्या आसपास. पावणेदोन टनांची रिकामी गाडी तेवढी वर उचलायला साधारण 94 लाख ज्यूल लागतात. डिझेलच्या एका लिटरात तीन कोटी साठ लाखांच्या घरात ज्यूल असतात खरे, पण इंजिन त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा कामी लावतं. बाकीच्यात रेडिएटर आणि सायलेन्सर तापतात. म्हणजे पहिलीला नुसत्या उंचीचा कर पाऊण ते एक लिटर, आणि भरून चढणाऱ्या दुसरीला दीड लिटर. सपाटीवरचं डिझेल वेगळंच. या दोघी खालापूरच्या टपरीवर भेटल्या, की 15 वाला दुसऱ्याला प्रेमाने सांगतो, ‘नोझल दाखवून घे एकदा.’ तो बिचारा दाखवूनही घेतो. सह्याद्रीचं बिल मेकॅनिकच्या खात्यात जमा होतं.

उतारावर तरी वाचतं ना, असं कुणी म्हणेल. वाचतं, पण वाचवायला जाणाऱ्याचं नाही. गाडी न्यूट्रलवर टाकून घाट उतरणं ही आपल्याकडची जुनी बचत योजना. आताच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर टाकलेला असेल आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढला असेल, तर डिझेल बंदच होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या पोटासाठी पुन्हा डिझेल जाळावं लागतं. म्हणजे चालक पैसे देऊन इंजिन ब्रेकिंग घालवतो आणि सगळा भार ब्रेकवर टाकतो. लायनर तापले की पेडल दाबून काही होत नाही, आणि मग गाडीचा खरा पिकअप दिसतो.

वाऱ्याचं गणित याहून निर्दय आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 60 चे 80 केले की तो पावणेदोनपट. पिकअपचं नाक मुळात कपाटासारखं. त्यावर आपण केबिनच्या वर लोखंडी कॅरिअर चढवतो, हौद्याचे फाळके दोन हातांनी उंच करतो, ताडपत्री अशी बांधतो की तिचं अर्धं शीड व्हावं, आणि पुढे म्हशीला अडवील असा बंपर लावतो. (असल्या बंपरांवर कारवाई करा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2017 च्या डिसेंबरात राज्यांना कळवलं होतं. म्हशींना ते कळलं असावं, मालकांना नाही.) माल वाढणार म्हणून कमानीचे पाटेही वाढवायचे. माल रोज नसतो. पाटे मात्र रिकाम्या फेरीतही सोबत येतात. अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांचा एक लाडका समज आहे, की मागचा फाळका पाडून चालवलं तर वारा सरळ निघून जातो आणि तेल वाचतं. चाचण्यांत उलटंच निघालं. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून बसतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. तिथेही डोकं लढवलं की खर्च वाढतो, हे ऐकून बरं वाटतं.

यावर धंद्यातला माणूस म्हणेल, तुमच्या नादाने 55 ने गेलो आणि वाशीत उशिरा पोचलो तर भाव पडेल, त्याचं काय? हे मला मान्य आहे. वाचलेल्या दोन लिटरांचे दोनशेही रुपये होत नाहीत. क्रेटमागे 20 रुपये उतरले की शंभर क्रेटांचे 2,000 गेले. तसंच भरलेली गाडी लिटरमागे कमी धावते, पण किलोमागे स्वस्त पडते. नुसतं ॲव्हरेजच हवं असेल तर गाडी रिकामी ठेवून आयुष्यभर घाट उतरत राहावं. पण हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे: जो आकडा धंदा ठरवत नाही, त्याच्यासाठी डिझेलच्या नळीला चुंबक कशाला बांधायचं? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर इंधनबचतीची यंत्रं तपासली. बहुतेकांनी काहीच वाचवलं नाही.

मग कंपनीचा आकडा तरी खरा की नाही? खरा आहे, फक्त घरातला आहे. तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी धावती ठेवून काढतात. त्या ठरावीक धावेचं नाव ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’, आद्याक्षरं एमआयडीसी. वीस मिनिटांची धाव, वेग 90 च्या आत, चढ नाही, म्हैस नाही. चाकणच्या एमआयडीसीत संध्याकाळी सहाला शिफ्ट सुटल्यावर जे होतं, त्याच्याशी तिचा संबंध आद्याक्षरांपुरताच.

आणि टपरीवरच्या 15 चं म्हणाल, तर तेही पूर्ण खोटं नसतं. टायर गोटा झाला की त्याचा घेर कमी होतो, चाक जास्त फिरतं आणि मीटरवर न धावलेले किलोमीटर चढतात. शिवाय नक्षी गेलेल्या रबराला लोळायलाही कमी कष्ट पडतात. वर पंपावर एकदा फेस मोजून टाकी ‘फुल’ आणि पुढच्या खेपेला तीच टाकी उताराला लावून ‘फुल’ केली, की 10 लिटरांत अर्ध्या लिटराचा फरक बसल्याजागी पडतो. बिनपावसाच्या दिवसांत, रिकाम्या रस्त्यावर, घाट उतरताना ती गाडी सोळासुद्धा देते. पावसाळ्यात तिच्यापुढे चालू नये.