आप्पांचा सिबिल

पारोळा-एरंडोलकडच्या कुठल्याही गावात पारावर टेका, एक आप्पा भेटतीलच. पांढरा सदरा, टोपी, वरच्या खिशात रबर लावलेली डायरी आणि दर दहा मिनिटांनी एक घोषणा: "आपुन कोनाना देनदार नही!"

विकास सोसायटीचं पीककर्जसुद्धा आप्पांनी कधी उचललं नाही. त्यापायी 2008, 2017 आणि 2019 च्या कर्जमाफ्या त्यांच्या दारावरून निघून गेल्या. "ज्यांनी थकवलं त्यांचं माफ, आम्ही काय पाप केलं होतं?" हे गाऱ्हाणं तुम्ही विचारलं नाही तरी ऐकावं लागतं. मात्र कृषी केंद्रातलं बियाणं, कापडवाल्याकडची दिवाळी, सराफाकडची लेकीची पोत हे सगळं वहीवर. त्याला ते कर्ज म्हणत नाहीत. "ते तर घरचं!" आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचा हिशेब होतो, त्याच्या आत हे सगळे हिशेब मिटलेले असतात.

अशा माणसाला गाडी घ्यायची होती. कानबाईच्या सणाला लेक-सुना-नातवंडं येतात, त्यांना स्टॅंडवरून रिक्षात कोंबून आणणं आप्पांना बरं दिसेना. जळगावच्या शोरूममध्ये त्यांनी दार दोनदा आपटून पाहिलं, टायरला चपलेनं टोचलं, मग डिकीत वाकून विती मोजायला लागले. "कानबाईचं सामान मावलं पाहिजे." विक्रीवाल्या पोरानं किंमत सांगताच त्यांनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली. पोरानं हात जोडले. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2017 पासून बंदी आहे. तशीही पिशवीत निम्मीच रक्कम होती. बाकीचे पैसे घरातल्या मागच्या खोलीत, कापसाच्या रूपात, भावाची वाट बघत पडले होते. आणि भाव येण्याआधी कापूस विकायचा म्हणजे आप्पांचा जीवच काढायचा.

मग बँक. आयकर विवरणपत्र? शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, ते कुठून आणायचं? सातबारा आणि आठ-अ मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी न मोडलेले होते. साहेबांनी संगणकात पाहिलं.

"आप्पा, तुमचा सिबिल उणे एक आहे."

"उणे?"

"कर्जफेडीचा गुणांक तो, तीनशेपासून नऊशेपर्यंत असतो. उणे एक म्हणजे तुमची नोंदच नाही."

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "शेजारच्याचा ट्रॅक्टर फायनान्सवाल्यांनी ओढून नेला. त्याचा किती?"

"तसं सांगता येत नाही. पण काहीतरी असणारच. पाचशे-साडेपाचशे."

"बुडवणाऱ्याला पाचशे, आन् मला उणे एक? चला कृषी केंद्रात, वही दाखवतो!"

खरं सांगायचं तर आप्पांचं चुकत नव्हतं. चाळीस वर्षांचा चोख व्यवहार त्या वहीत होता, पण बँकेच्या संगणकाला ती वही वाचता येत नाही. बरोबर आलेल्या मुलानं मोबाइल काढला. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या 6 जानेवारी 2025 च्या निर्देशपत्रात म्हटलं होतं. अर्थ राज्यमंत्र्यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकसभेतही तेच सांगितलं. साहेब म्हणाले, बरोबर, पण बाकीची तपासणी आम्हाला करावीच लागते. शेवटी मुलगा सहकर्जदार झाला, सुरुवातीची रक्कम वाढली आणि एमएच-19 ची पांढरी गाडी दारात उभी राहिली.

हप्ता पाच तारखेला खात्यातून आपोआप कापला जातो, हे आप्पांना अजून पटलेलं नाही. चार तारखेला ते बँकेत जाऊन पैसे आहेत ना ते बघून येतात, सहा तारखेला पासबुक भरून आणतात आणि डायरीत बरोबरची खूण करतात. एकदा सगळंच कर्ज मिटवून टाकायला निघाले होते. मुलानं अडवलं: चालू राहू द्या, आकडा वाढतो. काही महिन्यांनी आकडा खरंच आला, सातशेच्या वर. तेव्हापासून आप्पा पारावर दिसेल त्याला त्याचा आकडा विचारतात.

फेब्रुवारी 2025 मध्ये मूर्तिजापूरला नवऱ्या मुलाचा सिबिल पाहून मुलीकडच्यांनी लग्न मोडल्याची बातमी आली होती. तिचं कात्रण आप्पांच्या डायरीत आहे. परवा पुतणीला पाहायला धुळ्याचा मुलगा आला. पोहे झाले, शेती किती, विहिरीला पाणी किती झालं. आप्पांनी चष्मा पुसला. "सिबिल किती?"

मुलगा अभिमानानं म्हणाला, "आप्पा, मी आजवर एक रुपया कर्ज घेतलं नाही."

आप्पांनी भावाकडे पाहून हळूच मान हलवली. "काही जमणार नाही भो. याची तर नोंदच नाही!"