मोत्याचा परवाना आणि कोपऱ्यावरचं पाळणाघर

अहो वहिनी, राहू द्या तो कढीपत्ता, मी देते तोडून. आधी इकडे या अशा, तारेपाशी. कालच्या मीटिंगला तुम्ही नव्हतात ना? हुकलंत. कोपऱ्यावरच्या पिवळ्या बंगल्यात पाळणाघर निघालंय, त्यावर दीड तास खल झाला. भिंतीवर जिराफ काय, दारात फुगे काय, आणि पाटी एवढी मोठी की नानांना म्हणे गॅलरीतून रस्ता दिसेनासा झालाय. आता नाना दिवसभर गॅलरीतून काय बघत असतात ते आपल्याला माहीत आहे, जाऊ दे.

तर खल कशावर? पार्किंगवर! सकाळी नऊला दुहेरी गाड्या लागतात, दुपारी पोरं रडतात, आमची वामकुक्षी मोडते. सेक्रेटरींनी तर कागदच काढला, किती गाड्या, कुठे, किती वेळ. पण आत पोरं किती आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाया किती, हे एकानं विचारलं असेल तर शपथ.

मग मी विचारलं. सवय जात नाही हो. मुळशी आणि भोरातल्या अंगणवाड्या तपासत मुख्यसेविका म्हणून आयुष्य गेलं, पोरांचा घोळका दिसला की माझे डोळे आधी हजेरीपट आणि वजनकाटा शोधतात. त्या चालक बाई आल्या होत्या मीटिंगला. बोलायला गोड. "काकू, आमचं सगळं कायदेशीर आहे, सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय." म्हटलं, येते बघायला. आज सकाळी गेलेसुद्धा. सोनेरी चौकट, वर सरकारचं चिन्ह, आणि आत काय? शॉप ॲक्ट! त्यातही परवाना नाहीच. २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात थोडेच कामगार असले तर नोंदणीसुद्धा लागत नाही, सरकारला ऑनलाइन नुसतं कळवायचं. त्या कळवल्याची पोच होती ती. झेरॉक्सवाल्याकडे असते, केस कापणाऱ्याकडे असते, तीच. त्यात पोरांचा 'प' नाही.

हसताय काय? तुमच्या या मोत्याला महापालिकेचा परवाना आहे. रेबीजच्या इंजेक्शनचा दाखला जोडल्याशिवाय मिळाला नव्हता, तुम्हीच सांगत होतात. आणि सहा महिन्यांचं पोर दहा तास सांभाळायला मात्र ही पोच पुरते.

तुमच्या सुनेचं काय ठरलं? रजा संपतच आली असेल. सव्वीस आठवडे म्हणजे भरपूर वाटतात, पण बाळ जेमतेम बसायला लागतं तोवर संपतात. आमच्या वेळी बाराच होते. २०१७ च्या एप्रिलपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ झाले. पण बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या त्याच दुरुस्तीत दुसरी गोष्ट आली होती, तिचा कुणी उच्चार करत नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर मालकानं पाळणाघराची सोय करायची. आणि ५० म्हणजे ५० बायका नव्हेत हो, बाया-बाप्ये मिळून. आईला दिवसातून चार वेळा बाळापाशी जाता यायला हवं, आणि हे सगळं बाईला कामावर घेतानाच लेखी कळवायला हवं. सूनबाई हिंजवडीला ना? मग ५० काय, त्यांच्या कँटीनच्या रांगेतच तेवढे असतील. विचारायला सांगा तिला एचआरला. कंपनी म्हणेल, आमचं एका पाळणाघराशी टायअप आहे. असू दे, चालतं तसं. पण ते कुठे आहे ते विचारा. केंद्राच्या महिला आणि बालविकास खात्यानं २०१८ मध्ये मार्गदर्शिका काढली, तिच्यात कामाच्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत असावं असं म्हटलंय. हिंजवडीत ऑफिस आणि वाकडला पाळणाघर असेल, तर त्या चार फेऱ्या ती माउली हेलिकॉप्टरनं मारणार का?

बाकी पाळणाघराचा कायदा काही आजचा नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम ४८ होतं, २०२५ पर्यंत. आधी ५० बायकांची अट होती, १९७६ ला ती खाली आली. ३० पेक्षा जास्त बायका कामाला असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यावी लागायची. उजेडाची, वाऱ्याची, स्वच्छ. आणि नीट ऐका, ती खोली लहान मुलं सांभाळण्याचं शिक्षण घेतलेल्या बाईच्या ताब्यात असायला हवी होती. अठ्ठेचाळीस साली लिहिलंय हे! आमच्या कोपऱ्यावर मी विचारलं, या मुलींनी कसलं शिक्षण घेतलंय? तर म्हणे, "काकू, घरी भावंडं सांभाळलीत त्यांनी." आता यावर काय बोलायचं.

अर्थात त्या कलमातही पळवाट होती. ३० पेक्षा जास्त म्हटलं होतं ना, मग ३० वर भरती थांबवायची की झालं. म्हणून तर २०१७ ला बायका मोजणं सोडून सगळी माणसं मोजली, ते बरं केलं.

विडी कारखान्यांचा वेगळा कायदा, चहामळ्यांचा वेगळा, इमारतींवर काम करणाऱ्यांचा १९९६ चा वेगळा. सगळीकडे पाळणाघराचं कलम होतं. बांधकामावर किती ठिकाणी ते दिसतं, हे तुम्ही आपल्या मागच्या टॉवरकडे बघून सांगा. ती वाळूच्या ढिगावर खेळणारी पोरं कुणाची आहेत? मीरा महादेवन यांनी १९६९ ला दिल्लीत अशाच एका बांधकामाच्या जागी तंबूत पाळणाघर थाटलं, मोबाइल क्रेशेस नावानं. पुढे मुंबईतही ते काम आलं. कायद्याच्या सत्तावीस वर्षं आधी. हे नेहमीचंच आहे म्हणा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी पोरांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली, तेव्हा कुठला जीआर होता?

रोजगार हमीच्या कामावरही, वहिनी, २००५ च्या कायद्यानं म्हटलं होतं की सहा वर्षांखालची पाच पोरं जमली की एका बाईनं माती उचलायची नाही, पोरं सांभाळायची, आणि तिला पूर्ण मजुरी. मला ते फार आवडायचं. पोर सांभाळणं हे काम आहे, त्याची मजुरी मिळते, हे सरकारनं कागदावर मान्य केलेलं. आपल्या घरात कुणी मान्य केलं होतं का हो?

आणि अंगणवाडीचं म्हणाल तर तिथे घासापर्यंत हिशोब. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलं होतं, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. तो आता मुलाचा हक्क आहे. कुपोषित असेल तर ८०० कॅलरी ठरवल्या होत्या. आमच्या सेविका खिचडी-उसळ करायच्या, ती कधी पातळ व्हायची, कधी बिल सहा महिने यायचं नाही, कधी खोलीला छप्पर नसायचं. मी डोळ्यांनी पाहिलंय, गोडवे गात नाही. पण वरून मी तपासायला जायची, माझ्यावर प्रकल्प अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषद. पोराचं वजन घटलं तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागायचं. आणि ज्या सेविकांच्या जिवावर हे चालतं, त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते हे सांगायला २०२२ ला सुप्रीम कोर्टाला बसावं लागलं! ते असो, त्यावर बोलायला लागले तर तुमच्या कुकरची शिट्टी होईल.

माझं म्हणणं वेगळं आहे. मजुराच्या पोरासाठी कायदा आहे, निदान कागदावर. कंपनीत आई असेल तर तिच्या पोरासाठी आहे. पण तुम्ही-आम्ही महिन्याला रोख पैसे मोजून जिथे पोर ठेवतो, त्या गल्लीतल्या पाळणाघराला दार उघडण्याआधी कुणाला तोंड दाखवावं लागत नाही. शिक्षण खातं म्हणतं, आमचं काम शाळेपासून. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदाचा. तीन ते सहासाठी त्यात एक कलम आहे, अकरावं. सरकार मोफत पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था 'करू शकेल' म्हणे. शकेल! आणि संविधानातलं कलम ४५ म्हणतं, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या संगोपनासाठी राज्य प्रयत्नशील राहील. प्रयत्नशील तर आमचा दूधवालाही असतो, वेळेवर यायला.

पोराला मारलं तर कायदा आहे की. बाल न्याय कायद्याचं कलम ७५, सांभाळायला ठेवलेल्या संस्थेतल्या माणसानं क्रूरपणा केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, पाच लाखांपर्यंत दंड. पोक्सो आहे, त्यात तर माहीत असून पोलिसांत न कळवणं हाही गुन्हा, आणि संस्थेचा प्रमुख गप्प बसला तर त्याला वर्षापर्यंत कैद. कडक आहेत, हवेतच. पण ते सगळं घडून गेल्यावरचं. घडू नये म्हणून आधी कुणी येऊन दार, खिडकी, बाया मोजायच्या, ते कुठे आहे? खारघरचं आठवतं ना, २०१६ चं? दहा महिन्यांच्या मुलीला पाळणाघरातल्या बाईनं मारलं होतं. कॅमेरा होता म्हणून कळलं. आणि कॅमेरा होता तरी झालं, हेही लक्षात घ्या. मग महिनाभर सगळे मंत्री नियम करणार होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शिशुवर्गातल्या चिमुरड्यांच्या बाबतीत जे झालं ते मी इथे उंबऱ्यावर उभी राहून बोलत नाही. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली, शाळांना कॅमेऱ्यांचा आदेश निघाला.

२०२५ च्या एप्रिलमध्ये एक झालं खरं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे खासगी वर्ग चालवणाऱ्यांनी पोर्टलवर माहिती भरायची, मुलं किती, शिक्षक किती, सोयी काय. उशिरा का होईना. पण माहिती भरणं आणि तपासणी होणं यात फरक आहे, मी फॉर्म भरून घेण्यातच नोकरी केलीय. आणि तीनच्या आतलं पोर, तुमच्या नातवासारखं? त्याचा रकानाच नाही.

नाही हो, हे अशक्य वगैरे काही नाही. तामिळनाडूत २०१५ पासून प्ले स्कूलसाठी वेगळी नियमसंहिता आहे. केंद्राच्या बालहक्क आयोगानंही खासगी प्ले स्कूलसाठी मार्गदर्शिका केलेली आहे, वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक सांभाळणारी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, सगळं आहे. पण मार्गदर्शिका म्हणजे सासूचा सल्ला, ऐकला तर ऐकला. माझी भाची इंग्लंडात रेडिंगला असते. तिकडे शेजारणीनं पैसे घेऊन स्वतःच्या घरी दिवसाला दोन तासांहून जास्त पोर सांभाळायचं म्हटलं तरी आधी नोंदणी. नर्सरीत दोन वर्षांच्या आतली तीनच मुलं एका बाईकडे. फी ऐकली तर मात्र दातखीळ बसेल, भाचीचा अर्धा पगार तिथेच जातो. म्हणजे त्यांचंही काही गोकुळ नाही. पण तीन म्हणजे तीन.

आपल्याकडच्या त्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत तीनच्या आतल्या दहा मुलांमागे एक बाई चालते. दहा! एक शी करतंय, एक ओकतंय, एक दारातून रांगत निघालंय. दहा पोरं एकटीनं सांभाळायचा नियम लिहिणाऱ्यानं एक दुपार सांभाळून दाखवावीत. कोपऱ्यावर मी मोजली, अठ्ठावीस पोरं आणि तीन मुली, त्यातली एक स्वयंपाकात. बाहेर पडायला जिना एकच. मागचं दार कुलूपबंद, किल्ली "बहुतेक मॅडमकडे."

तरी मी बंद करा म्हणत नाहीये, नाना म्हणतात तसं. बंद करून आपल्या सुना जाणार कुठे? आजींनी सांभाळायचं? माझे गुडघे बघा, तुमची पाठ बघा. पाळणाघर हवंच, आपल्या गल्लीत हवं. गाड्या लागतात तर लागू देत. पण येत्या मीटिंगला पार्किंगच्या आधी हा विषय घ्यायचा. किती पोरं, किती बाया, पडताळणी झाली का, मागच्या दाराची किल्ली कुठे. आणि नगरसेवकांना, आमदारांना पत्र द्यायचं की तीनच्या आतल्या मुलांची पाळणाघरंही नोंदवून घ्या आणि वर्षातून दोनदा कुणीतरी न कळवता तपासायला पाठवा. मसुदा मी लिहिते, सह्या तुम्ही घ्या, तुमचं सगळ्यांशी बरं आहे.

आणि सूनबाई पोर ठेवायच्या आधी तुम्ही एकदा जा. जिराफ बघू नका. दुपारी अडीचला जा, पोरं झोपायची वेळ ती, आणि फोन करून जाऊ नका.